पंधरा ते आठ

सेलूहून पॉलिटेक्निकला गेले तेव्हा मला वाटायचं, कोडिंग म्हणजे कॉलेजच्या जर्नलमधले प्रोग्राम पाठ करायचे आणि ओरलला म्हणून दाखवायचे. दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये स्क्रीनवर वर्तुळं काढत बसले होते. सर म्हणाले, "याला मार्क नाहीत, अ‍ॅप बनव." तेव्हा वाईट वाटलं होतं. आज मी छत्रपती संभाजीनगरात वेबसाइटी बनवायचं काम करते आणि रात्री कोडनं चित्रं काढते. या वाटेला नव्यानं येऊ बघणाऱ्यांसाठी, विशेषतः आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी, मी कशी शिकले ते लिहिते.

माझं पहिलं खरं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आई "पंधरा ते आठ" म्हणते. म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली जाताना प्रत्येक ओळीत एकेक कमी, शेवटच्या ओळीत ८. एकूण १६९ ठिपके. हा प्रोग्रामच आहे. तीन शब्दांत पूर्ण सांगितलेला, आणि कुणीही बाई तो ऐकून अंगणात चालवू शकते. मी पी-फाइव्ह-जेएसमध्ये, म्हणजे कोडनं चित्रं काढायच्या एका फुकट साधनात, लूप लिहिला (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला सांगणारा कोड), दोन ठिपक्यांत ४० पिक्सेलचं अंतर ठेवलं, दोन ओळींतही ४०. षटकोन उमटला. आईला मोबाइलवर दाखवला.

"उभी ताणल्यावानी दिसायली बघ," ती म्हणाली.

तिनं पट्टी लावली नव्हती, तिला डोळ्यानं कळलं. वरच्या ओळीतला ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध बसतो, तिघांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. म्हणून ओळींमधलं अंतर ठिपक्यांच्या अंतराच्या ०.८६६ पट लागतं. ४० च्या जागी ३४.६४ घातलं आणि षटकोन नीट बसला. वर्गमूळ तीन भागिले दोन हे आपण दहावीला त्रिकोणमितीत घोकलेलं असतं, पण ते कशासाठी असतं हे मला त्या दिवशी कळलं.

नव्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: नियम लिहा, चालवा, आणि मग बघत बसा. बराच वेळ बघा. टायपिंग हा या कामाचा लहान भाग आहे.

पुढचे दोन महिने मी एकाच गोष्टीवर घालवले. स्क्रीनवरची रांगोळी निर्जीव वाटत होती. आईचे ठिपके किंचित इकडेतिकडे असतात, म्हणून मी प्रत्येक ठिपका रँडमनं, म्हणजे कुठलाही आकडा उचलून देणाऱ्या फंक्शननं, दोन पिक्सेल हलवला. चित्र थरथरायला लागलं, थंडी वाजल्यासारखं. रँडममध्ये शेजारच्या ठिपक्याचा शेजारच्याशी काही संबंध नसतो. हाताचं तसं नसतं. हात एका बाजूला झुकला तर चार-पाच ठिपके मिळून झुकतात. त्यासाठी नॉईज नावाचं फंक्शन आहे, ते शेजारशेजारच्यांना जवळजवळचे आकडे देतं. केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात ते तयार केलं, कारण संगणकाची चित्रं त्यांना फार यंत्रासारखी वाटत होती. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. नॉईजला आकडे देताना पायरी, म्हणजे एका ठिपक्याच्या आकड्यापासून पुढच्याच्या आकड्यापर्यंतचं अंतर, लहान ठेवा, ०.०५ च्या आसपास. मोठी ठेवली की पुन्हा थरथर.

संगणकानं चित्रं काढणाऱ्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी एक, व्हेरा मोलनार, यांची चित्रं जरूर शोधून बघा. १९६८ मध्ये पॅरिसला त्यांच्या हाती संगणक आला. पण त्याआधी कितीतरी वर्षं मनात एक यंत्र कल्पून, त्याला नियम देऊन, ते नियम त्या स्वतःच्या हातानं कागदावर चालवत होत्या. चौकोनांच्या शिस्तीत थोडीशी गडबड घालायची आणि कुठवर चित्र टिकतं ते बघायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. २०२३ च्या डिसेंबरात ९९ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचं काम बघताना मला आमचं अंगणच आठवतं.

पैठणला एकदा मागावर बसलेल्या मावशींजवळ अर्धा दिवस बसले. आलेखाच्या कागदावर मोर काढलेला, त्या एकेक धागा मोजून रंगीत कांडी आतबाहेर करत होत्या. एक घर चुकलं की उसवायचं. मी कोडमध्ये चूक शोधते तेव्हा अजून त्यांची बोटं डोळ्यांसमोर येतात.

साधनांचं थोडक्यात सांगते. प्रोसेसिंग हे कोडनं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी एमआयटीत सुरू केलं, खास चित्रकार आणि डिझायनर मंडळींसाठी. त्याच विचारातून पुढे लॉरेन मॅकार्थी यांनी ब्राउझरसाठी पी-फाइव्ह-जेएस केलं. दोन्ही फुकट. पी-फाइव्हची लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतं, लाईट गेली की लॅपटॉपची बॅटरी पुरते तोवर काम होतं. मोबाइलवरही जमतं, फक्त कंस शोधताना जीव जातो. आणि एक फार आवडीची गोष्ट: पी-फाइव्हचा कोड ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची, म्हणजे आकडे साठवायच्या डब्यांची, नावं मराठीत देता येतात. माझ्या कोडमध्ये "ठिपके", "ओळ", "अंतर" अशीच नावं आहेत. आकडे मात्र इंग्रजीच लागतात. रँडम वापरताना सीड, म्हणजे तेच आकडे पुन्हा मिळवून देणारा सुरुवातीचा आकडा, ठरवून ठेवा, नाहीतर रात्री जमलेलं सुंदर चित्र सकाळी परत मिळणार नाही. माझं एक असंच गेलं, अजून हळहळ वाटते.

या जगाचे रिवाजही शिकून घ्या. इथं कोड उघडा ठेवतात, दुसऱ्याचा घेऊन पुढे नेतात, आणि कुणाचा घेतला ते वर लिहितात. हे न लिहिणं म्हणजे चोरी. लाइव्ह कोडिंगवाले, म्हणजे लोकांसमोर कोड लिहीत संगीत वाजवणारे, आपला स्क्रीन भिंतीवर दाखवतात, चुकांसकट. डेमोसीन म्हणजे छोट्याशा प्रोग्राममधून चित्र-संगीताची करामत दाखवणाऱ्या हौशी लोकांचं जग; ते ६४ किलोबाइटमध्ये, काही जण तर चारच किलोबाइटमध्ये, चित्र आणि संगीत दोन्ही बसवतात. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटो याहून मोठा असतो. फिनलंडनं २०२० मध्ये डेमोसीनला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. "कोडनं चित्रं काढणारी पाहिजे" अशी जाहिरात मी आजवर पाहिली नाही. पण मुलाखतीत मी ती रांगोळी उघडली, ०.८६६ कुठून आलं ते सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. आकडेवारीचे तक्ते, नकाशे, वेबसाइटवरची हालचाल, गेम, ही सगळी कामं याच सरावातून जमतात. घरी पैशांची ओढ असेल तर आधी नोकरीपुरतं शिका, हे रात्री करा. मी तसंच केलं.

मागच्या दिवाळीत आई म्हणाली, "आता एकवीस ते अकरा काढून दाखव." कोडमधला एक आकडा बदलला, ३३१ ठिपके आले. तिनं ते कागदावर छापून घेतले, पेन्सिल घेतली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून रेषा सुरू केली. ती रेषा कुठं वळणार, हे ती दर वळणावर ठरवत होती. तो नियम मला अजून लिहिता आलेला नाही. सध्या तिचे हात व्हिडिओत टिपून तेच बघत बसलेय.