सुरक्षित सिग्नल हँडलर कसा लिहावा

सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) पोहोचवलेली सूचना, आणि ती आल्यावर चालणारं तुमचं फंक्शन म्हणजे सिग्नल हँडलर. ते दिसायला साधं असतं, पण ते कधी चालेल हे तुमच्या हातात नसतं. कर्नल थ्रेडला कुठल्याही दोन मशीन इन्स्ट्रक्शनांच्या मधे थांबवतो आणि त्याच थ्रेडवर हँडलर चालवतो. समजा त्या क्षणी मॅलॉक, म्हणजे मेमरी मागून घेणारं फंक्शन, मोकळ्या ब्लॉकांची यादी बदलत होतं आणि लॉक त्याच्याकडे होतं. हँडलरनेही मॅलॉक बोलावलं, तर ते त्याच लॉकची वाट बघत बसतं. लॉक सोडणारा कोड हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि हँडलर लॉक मिळाल्याशिवाय संपत नाही. प्रोसेस कायमची अडकली. रिकर्सिव्ह लॉक (एकाच थ्रेडला पुन्हा पुन्हा घेता येणारं) वापरून सुटका होत नाही: मग अर्धवट बदललेल्या यादीवरच काम सुरू होतं आणि मेमरी बिघडते. अडकलेली प्रोसेस निदान दिसते तरी.

हा धोका पुस्तकी नाही. जुलै २०२४ मध्ये दूरच्या मशीनवर लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचच्या सर्व्हरमधला 'रिग्रेशन' नावाने गाजलेला दोष जाहीर झाला, त्याचं मूळ हेच होतं. लॉगिनची मुदत, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे १२० सेकंद, संपली की सिगअलार्म या वेळ संपल्याच्या सिग्नलचा हँडलर चालायचा आणि त्यातून सिसलॉग हे नोंदी लिहिणारं फंक्शन बोलावलं जायचं. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) सिसलॉग आतून मॅलॉक वापरतं. तेवढ्या फटीतून रूट अधिकारांनी कोड चालवता येत होता. २००६ मध्ये बुजवलेलं भोक पुढच्या एका बदलात पुन्हा उघडलं होतं.

मग हँडलरमध्ये काय चालतं? पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाने 'असिंक-सिग्नल-सेफ', म्हणजे हँडलरमधून बोलावायला सुरक्षित, फंक्शनांची यादी दिली आहे. लिनक्सवर मॅन पानांच्या सातव्या विभागात 'सिग्नल-सेफ्टी' हे पान उघडा. राइट, रीड, किल, वेटपिड, क्लोज, सिगॲक्शन त्यात आहेत. प्रिंटएफ, मॅलॉक, फ्री, सिसलॉग, लोकलटाइम आणि म्युटेक्सची (थ्रेडांमधल्या लॉकची) सगळी फंक्शनं त्यात नाहीत. एक्झिटसुद्धा नाही, कारण ते बफर रिकामे करतं आणि ॲटएक्झिटमध्ये नोंदवलेला कोड चालवतं. तातडीने बाहेर पडायचंच असेल तर सुरुवातीला अंडरस्कोअर असलेलं एक्झिट वापरा. सी++ मध्ये स्ट्रिंग नुसती जोडली तरी पडद्याआड मॅलॉक होऊ शकतं, हे पटकन लक्षात येत नाही.

यादी पाठ करण्यापेक्षा हँडलरमध्ये एकच काम ठेवणं बरं: फ्लॅग, म्हणजे सिग्नल आल्याची खूण ठेवणारा चल, लावा आणि परत या. फ्लॅगचा प्रकार व्होलाटाइल सिग-ॲटॉमिक-टी असावा. व्होलाटाइल नसेल तर कंपायलर फ्लॅगची किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवू शकतो आणि मग लूप कधीच थांबत नाही. या प्रकारात किंमत लिहिणं आणि वाचणं अखंड होतं, एकने वाढवणं मात्र नाही, म्हणून त्यावर मोजणी करू नका. मुख्य लूपमध्ये फ्लॅग आधी शून्य करा, मग काम करा. उलट केलंत तर काम चालू असताना आलेला सिग्नल पुसला जातो.

हँडलरमधून एखादा सिस्टिम कॉल करणार असाल तर आत शिरताच एर्नो (शेवटच्या फसलेल्या कॉलचं कारण ठेवणारा चल) जपून ठेवा आणि निघताना परत लिहा. नाहीतर मुख्य कोडमध्ये फसलेल्या रीडचं कारण हँडलरमधल्या राइटच्या कारणाने झाकलं जातं.

हँडलर बसवायला सिग्नल नावाचं फंक्शन नव्हे, सिगॲक्शन वापरा. सिग्नल या फंक्शनचं वागणं प्रणालीगणिक बदलतं. सिस्टिम व्ही घराण्यात पहिल्या सिग्नलनंतर हँडलर आपोआप निघून जातो, बीएसडीत तो टिकतो. सिगॲक्शनला द्यायचं स्ट्रक्चर आधी शून्याने भरा, मास्क (रोखून धरायच्या सिग्नलांचा संच) सिगएम्टीसेटने रिकामा करा, मग सिग्नलने तोडलेला सिस्टिम कॉल पुन्हा सुरू करणारा एसए-रीस्टार्ट हा फ्लॅग लावा. या फ्लॅगवर फार विसंबू नका, कारण लिनक्सवर सिलेक्ट, पोल, ईपोल-वेट आणि नॅनोस्लीप हे काही घडेपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत झोपणारे कॉल तो असला तरी ईआयएनटीआर, म्हणजे 'सिग्नलने मधेच तोडलं' ही चूक, देऊनच परततात.

खरी गोम यानंतर आहे. लूपने फ्लॅग तपासला, तो शून्य होता, आणि पोलमध्ये झोपण्याच्या बरोबर आधी सिग्नल आला. फ्लॅग लागला, पण पोल आता झोपलं, आणि दुसरं काही घडेपर्यंत उठणार नाही. यावर एक उपाय असा: सिग्नल आधी ब्लॉक करा, म्हणजे मास्कने रोखून धरा, फ्लॅग तपासा आणि पीपोल किंवा पीसिलेक्टमध्ये झोपा. मास्क उघडणं आणि झोपणं ही दोन्ही कामं कर्नल अखंडपणे करतो, मधे फट राहत नाही.

दुसरा उपाय सेल्फ-पाइप. सुरुवातीला पाइप (एका टोकाला लिहून दुसऱ्या टोकाला वाचायची वाहिनी) बनवा, त्याचं वाचायचं टोक पोलच्या यादीत ठेवा, आणि हँडलरमध्ये लिहायच्या टोकावर १ बाइट राइट करा. दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे थांबून न राहता लगेच परतणारी, हवीतच. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. तो भरला आणि टोक ब्लॉकिंग असेल तर हँडलर राइटमध्ये थांबतो, आणि वाचणारा थ्रेड तोच असल्याने पाइप कधीच रिकामा होत नाही. नॉन-ब्लॉकिंग टोकावर ईअगेन ('आत्ता जागा नाही' ही चूक) आला तर सोडून द्या, पाइपमध्ये आधीच बाइट आहेत म्हणजे लूप उठणारच. फक्त लिनक्ससाठी लिहीत असाल तर सिग्नलएफडी आहे: सिग्नल ब्लॉक करून फाइल डिस्क्रिप्टरमधून वाचायचा, हँडलरच नको. पण ब्लॉक केलेला मास्क एक्झेकनंतरही, म्हणजे प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवल्यावरही, टिकतो. चाइल्ड प्रोसेसमध्ये एक्झेकआधी तो पूर्ववत केला नाही, तर तिला सिगटर्म या थांबायला सांगणाऱ्या सिग्नलने थांबवता येत नाही.

चाइल्ड प्रोसेस संपल्यावर येणाऱ्या सिगचाइल्डबाबत एक सवय लावून घ्या. साधे सिग्नल रांगेत साठत नाहीत, तीन चाइल्ड प्रोसेस लागोपाठ संपल्या तरी सिग्नल एकच पोहोचू शकतो. म्हणून संपलेल्या चाइल्डची नोंद घेणाऱ्या वेटपिडला डब्ल्यू-नोहँग (वाट न बघण्याचा पर्याय) देऊन, ते शून्य किंवा उणे एक परत करेपर्यंत लूपमध्ये बोलवा. नाहीतर झोंबी, म्हणजे संपूनही नोंद न मिटलेल्या प्रोसेस, साचतात.

अनेक थ्रेड असतील तर प्रोसेसला आलेला सिग्नल, तो ब्लॉक न केलेल्या कुठल्याही थ्रेडवर उतरतो. पहिला थ्रेड बनवण्याआधी मेनमध्येच पीथ्रेड-सिगमास्कने सगळे हवे ते सिग्नल ब्लॉक करा आणि एका वेगळ्या थ्रेडमध्ये सिग्नलची वाट बघणारं सिगवेट चालवा. तो थ्रेड हँडलर नसल्यामुळे तिथे प्रिंटएफ, म्युटेक्स सगळं चालतं. आमच्या मते नव्या कोडसाठी हाच मार्ग सर्वांत सोपा.

सेगफॉल्टचा (चुकीच्या मेमरीला हात लावल्यावर येणाऱ्या सिग्नलचा) हँडलर वेगळ्या जातीचा. तो नुसता परतला तर तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट होतो, आणि हे चक्र थांबत नाही. हँडलर एकदाच चालू देणारा एसए-रीसेटहँड फ्लॅग लावा, म्हणजे दुसऱ्या फॉल्टला मूळ वागणूक लागू होऊन कोअर डंप (प्रोसेसच्या मेमरीची फाइल) मिळतो. स्टॅक संपल्यामुळे फॉल्ट झाला असेल तर हँडलरला उभं राहायला जागाच नसते, त्यासाठी सिगऑल्टस्टॅकने वेगळा स्टॅक द्या आणि एसए-ऑनस्टॅक लावा.

तपासताना प्रोग्रामवर भरपूर मॅलॉक आणि लॉगिंगचा भार टाका आणि दुसऱ्या टर्मिनलमधून लूपमध्ये किल ही सिग्नल पाठवणारी आज्ञा चालवा. प्रोसेस अडकली तर जीडीबी हा डीबगर जोडून सगळ्या थ्रेडांचे बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं याची यादी) काढा. 'सिग्नल हँडलर कॉल्ड' या ओळीच्या खाली मॅलॉक आणि वर लॉकची वाट बघणारं फंक्शन दिसलं, की त्या दोन्हींच्या मधलं तुमचं फंक्शन हँडलरमधून काढून मुख्य लूपमध्ये न्या.