बाळाच्या मॅनिकिनवर मी नापास झाले तेव्हा

इंटर्नशिप सुरू होताना आमचा बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचा) कोर्स झाला. मोठ्यांच्या मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, मी अगदी झोकात पास. मग टेबलावर तान्ह्या बाळाचं मॅनिकिन आलं आणि हातच आखडले. एवढीशी छाती, दाबायची तरी किती? ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. वर्षाच्या आतल्या बाळाला साधारण ४ सेंमी, मोठ्या मुलाला ५. मिनिटाला १०० ते १२०. आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ दे."

ते जमलं. तरी नापास झाले, कारण श्वास द्यायचा माझा मास्क कडेने गळत होता आणि मला पत्ताच नव्हता.

नवीन इंटर्न नेमके इथेच चुकतात. मोठ्यांमध्ये बहुतेकदा हृदय आधी दगा देतं. मुलांमध्ये बहुधा आधी श्वास अडतो: न्यूमोनिया, बुडणं, घशात अडकलेला शेंगदाणा. मग ऑक्सिजनवाचून हृदय मंदावत जातं. म्हणून एकटे असाल तर ३० दाब आणि २ श्वास, पण दोघे असाल तर १५ ला २. नाडी लागतेय, पण नीट ऑक्सिजन आणि श्वास देऊनही ती ६० च्या खाली आहे आणि बाळ पांढरंफटक पडलंय, तर दाबायला लागायचं. मला हे पटायला वेळ लागला.

अंबू बॅग (मास्कला जोडलेली, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) बदाबदा दाबू नका. छाती जेमतेम उचलली की पुरे. तान्ह्या बाळाची मान फार मागे नेली तरी श्वासाची वाट बंद होते, खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवा.

नाडी दंडाच्या आतल्या बाजूला बघायची, १० सेकंदांच्या आत. मला सुरुवातीला स्वतःच्याच बोटांतली धडधड लागायची! शंका आली तर दाबायला लागा.

सीनिअर्स कदाचित दोन बोटांनी दाबायला शिकवतील. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ मध्ये ती पद्धत वगळली. आता छातीभोवती दोन्ही हातांचा वेढा घालून अंगठ्यांनी, नाहीतर एका तळहाताच्या टाचेने (मनगटाजवळच्या भागाने) दाबायचं.

आणि ड्यूटी घेताना क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषधांच्या आणि साधनांच्या ट्रॉलीत) बाळांचे ० आणि १ नंबरचे मास्क आहेत का, ते उघडून बघा. एका रात्री आमच्याकडे फक्त मोठ्यांचा निघाला होता. बाळाचा मास्क वरच्या मजल्यावरून येईपर्यंत मी तोच उलटा धरून कसाबसा बसवत होते.