बोट टेकवण्याआधी काय काय पाहून ठेवाल?

बोटाने किंवा चेहऱ्याने पैसे देण्याची सोय सुरू करायची असेल, तर सगळ्यात आधी एक गोष्ट शोधून काढा: तुमच्या ठशाचा नमुना राहणार कुठे? आयफोन आणि सध्याचे बहुतेक अँड्रॉइड फोन ठशाचा फोटो ठेवत नाहीत. त्यावरून तयार केलेला गणिती नमुना फोनमधल्याच एका बंदिस्त भागात राहतो. नमुना जुळला की व्यवहाराला मंजुरी फोनच देतो. दुकानदाराकडे किंवा बँकेकडे ठसा जातच नाही. ठसा ओळखणाऱ्या कार्डांमध्येही नमुना कार्डाच्या चिपवरच असतो. दुकानातल्या यंत्रासमोर नुसता तळहात किंवा चेहरा धरून पैसे द्यायचे असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. ॲमेझॉनने २०२० मध्ये आणलेल्या तळहाताच्या सेवेत नमुना कंपनीच्या क्लाउडमध्ये, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर जात असे. अशा ठिकाणी नोंदणी करण्यापूर्वी अटी उघडा आणि नमुना किती काळ ठेवणार, कोणाला दाखवणार आणि खातं बंद केल्यावर पुसणार की नाही, एवढं तरी वाचा. उत्तर सापडलं नाही तर नोंदणी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचं उघड झालं. त्या लोकांना नवी बोटं कोण देणार होतं?

नमुना फोनमध्येच आहे याची खात्री झाली की पिनकडे वळा. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ठसा काही वेळा चुकला की फोन पिन मागतो, बंद करून चालू केला तरी पिनच मागतो, आणि नवीन बोट नोंदवायलाही पिनच लागतो. म्हणजे ज्याला तुमचा पिन कळला, तो स्वतःचं बोट तुमच्या फोनमध्ये बसवू शकतो. चोरांनाही हे पक्कं ठाऊक आहे. २०२३ मध्ये सापडलेल्या ‘कॅमेलिअन’ या अँड्रॉइड मालवेअरची (फोनमध्ये घुसणाऱ्या घातक सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती ठशाची सोयच निकामी करायची, म्हणजे माणूस नाइलाजाने पिन टाकेल आणि तो टिपता येईल. तेव्हा चार आकडी जन्मसाल काढून टाका आणि किमान सहा आकडे ठेवा. पैशांच्या ॲपचा पिन फोनच्या पिनहून निराळा हवा. चारचौघांत पिन टाकताना हाताचा आडोसा करा. आयफोन असेल तर जानेवारी २०२४ मध्ये आलेलं चोरीपासूनचं संरक्षण सेटिंग्जमध्ये सुरू करा. अनोळखी ठिकाणी महत्त्वाचे बदल करायला मग नुसता पासकोड (आयफोनचा पिन) पुरत नाही.

त्याच सेटिंग्जमध्ये कोणाकोणाची बोटं नोंदलेली आहेत तेही बघून घ्या. खेळ खेळायला म्हणून पोराचं बोट कधीतरी घातलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. नवीन बोट घातल्यावर बँकेच्या ॲपने ठशाने उघडायला नकार दिला तर वैतागू नका, ती मुद्दाम ठेवलेली खबरदारी असते.

चेहऱ्याचं जरा जपून. चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजणारा कॅमेरा आणि साधा सेल्फी कॅमेरा यांत बराच फरक आहे. साध्या कॅमेऱ्यावर चालणारं फेस अनलॉक अनेक फोन पैशांसाठी चालूच देत नाहीत, ते योग्यच आहे. ॲपलच्या म्हणण्यानुसार परक्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक, पण जुळी भावंडं असतील तर हा हिशेब लागू नाही. २०१९ मध्ये गूगलचा पिक्सेल ४ मिटलेल्या डोळ्यांनीही उघडत होता, म्हणून डोळे उघडे असण्याची अट चालू आहे का ते तपासा. त्याच वर्षी सॅमसंगच्या एस१० वर काही स्क्रीन कव्हर लावली की भलत्याच बोटाने फोन उघडायचा. कव्हर बदललंत तर घरातल्या दुसऱ्या कोणाचं बोट टेकवून बघा, आणि सॉफ्टवेअर अपडेट टाळू नका.

खात्री पटवण्यासाठी मान फिरवा, डोळे मिचकावा असं सांगून चेहऱ्याचा व्हिडिओ मागणारं ॲप कुठून आलं, हे नीट पाहा. मेसेजमधल्या लिंकवरून आलं असेल तर तिथेच थांबा. २०२४ मध्ये उघड झालेलं ‘गोल्डपिकॅक्स’ हे मालवेअर नेमकं हेच करायचं: चेहरा आणि ओळखपत्रं गोळा करायची, मग बनावट चेहरा उभा करून खात्यात शिरायचं.

शेवटची तयारी हाताला सवय होण्याची. कोणी जबरदस्तीने बोट टेकवायला लावेल अशी भीती वाटली, तर ठसा आणि चेहरा पटकन बंद करता आला पाहिजे. फेस आयडी (चेहऱ्याने उघडण्याची सोय) असलेल्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून धरा, की पुढे पासकोडच लागतो. अँड्रॉइडवर पॉवरच्या मेन्यूत ‘लॉकडाउन’ असतं. काही फोनवर ते आधी सेटिंग्जमधून चालू करावं लागतं, तेवढं आजच करून ठेवा.