फ्री जॅझ आधी एका कानाने ऐका

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’ ही तबकडी पहिल्यांदा लावली की बहुतेकांना नुसता कल्लोळ ऐकू येतो. आठ वादक, सुमारे ३७ मिनिटं, एकच सलग वादन. पण २१ डिसेंबर १९६० ला ध्वनिमुद्रित झालेल्या या तबकडीत चार-चार वादकांच्या दोन चौकड्या स्टिरिओच्या दोन बाजूंना आहेत. डावीकडे कोलमन, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स. उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. म्हणून आधी हेडफोनची फक्त डावी बाजू कानाला लावा, मग उजवी, तिसऱ्यांदा दोन्ही. उजवी बाजू ऐकताना सुरुवात डॉल्फीच्या बास क्लॅरिनेटपासून (खालच्या सुरांचं मोठं क्लॅरिनेट) करा असं मी सांगेन. तो खोल, घोगरा आवाज चटकन ओळखू येतो आणि हाती एक धागा लागतो.

लातूर-परभणीत चार मित्र जमवून ऐकणार असाल तर एकच छोटा ब्लूटूथ स्पीकर नको, त्यात दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात. दोन स्पीकर खोलीच्या दोन टोकांना ठेवा, दोघं इकडे, दोघं तिकडे बसा, आणि अर्ध्यावर जागा बदला. मग ‘आवडलं का?’ यावर गप्पा अडत नाहीत. एक जण वाजवताना बाकीचे मागून काय करत होते, यावर बोलणं सुरू होतं. ते बोलणं फार सुंदर असतं.

तबकडी विकत घेतली असेल तर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत मुळीच ठेवू नका, वाकते. थप्पी लावू नका, उभी ठेवा.