सर्वांत धाकट्याच्या मापाने: कुटुंबासह तंबूतल्या मुक्कामाची तयारी

पत्नी आणि मुलांना घेऊन दोन रात्री तंबूत राहायचे ठरले की यादीच्या कागदावर पहिले नाव सामानाचे येऊ नये. ते घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचे यावे, आणि त्याखाली तीन गोष्टी लिहाव्यात: ते न थांबता किती वेळ चालते, किती वेळाने त्याला भूक लागते आणि अंधारात त्याला कशाची भीती वाटते. मी लग्नापूर्वी एकट्याने किंवा मित्रांबरोबर डोंगर हिंडत असे. त्या वेळची यादी मी पहिल्या कौटुंबिक मुक्कामाला फक्त चौपट करून वापरली आणि ती जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकली, कारण ती माझ्या पायांच्या आणि माझ्या झोपेच्या हिशेबाने लिहिलेली होती.

पहिली ओळ अंतराची आणि वेळेची. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब मांडला होता आणि तो आजही उपयोगी पडतो: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर सहाशे मीटर चढाईसाठी आणखी एक तास. म्हणजे तीनशे मीटर चढाईची सहा किलोमीटरची वाट साधारण एक तास बेचाळीस मिनिटांची होते. मात्र हा हिशेब चांगल्या चालणाऱ्या प्रौढ माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. सहा-सात वर्षांचे मूल बरोबर असेल तर मी येणारा आकडा सरळ दुप्पट करतो आणि त्यावर जेवणाचा एक तास वाढवतो. मुक्कामाच्या जागी सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास पोहोचता येईल, अशा बेताने निघण्याची वेळ ठरवावी. उजेडात तंबू उभा राहिला, मुलांनी आजूबाजूचा परिसर पाहून घेतला आणि लघवीला कुठे जायचे हे त्यांना कळले, की रात्रीची निम्मी भीती तिथेच संपते.

तारीख ठरवताना चंद्राची कला पाहावी. मला आकाश पाहण्याचा छंद आहे, त्यामुळे एकेकाळी मी अमावस्येचीच रात्र निवडत असे. आता मुलांसाठी अमावस्येनंतरची तिसरी किंवा चौथी संध्याकाळ निवडतो. त्या संध्याकाळी पश्चिमेला चंद्राची कोर असते, तिच्या उजेडाच्या आणि अंधाराच्या सीमेवर सूर्यप्रकाश तिरपा पडत असल्यामुळे विवरांच्या सावल्या लांब दिसतात, आणि रात्र फार पुढे जाण्याआधीच चंद्र मावळून आकाश काळेभोर होते. धाकट्याला चंद्र दाखवून झोपवता येते आणि थोरलीबरोबर तारे पाहत बसता येते.

हवामानाचा अंदाज निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या सकाळी असा दोनदा पाहावा. अंदाज जवळच्या शहराचा असेल आणि मुक्काम उंचावर असेल, तर दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे लक्षात घेऊन आकडा स्वतः कमी करावा. विजांचा अंदाज असेल तर बेत रद्द करावा, आणि याबाबतीत मुलांच्या हट्टापुढे अजिबात नमू नये, कारण कापडाचा तंबू विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही. अचानक गाठलेच तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत: आवाज एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद घेतो, म्हणून तीस सेकंदांचे अंतर म्हणजे वीज सुमारे दहा किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावर असतानाच पक्क्या इमारतीत किंवा धातूचे छत असलेल्या बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

यापुढची तयारी घरीच करायची असते. नवा असो वा जुना, तंबू निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा पूर्ण उभा करावा, खुंट्या आणि दांड्या मोजाव्यात, चेन उघडून-मिटून पाहावी आणि शिवणींवर पाणी ओतून गळती तपासावी. हे काम मुलांच्या हातून करून घ्यावे. ज्याने खुंटी कोणत्या कोनात ठोकायची ते घरी शिकून घेतले आहे, ते मूल मुक्कामावर पोहोचल्यावर कंटाळून रडत बसत नाही, त्याला काम असते. मुलांचे बूट मात्र त्याहून बरेच आधी पायात घालून पाहावेत, कारण वाढत्या वयात सहा महिन्यांपूर्वीचा बूट आज बसेलच असे नाही. नवे घ्यावे लागले तर किमान पंधरा दिवस रोज थोडा वेळ ते वापरायला लावावेत. मार्ग, मुक्कामाची जागा, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करायचा, हे सर्व कागदावर लिहून मागे राहणाऱ्या एखाद्या जबाबदार नातेवाइकाकडे द्यावे. त्या भागातला आपत्कालीन क्रमांकही त्याच कागदावर असावा.

झोपेच्या सामानावर मात्र मी सर्वांत जास्त वेळ खर्च करतो, कारण रात्री थंडीने कुडकुडलेले मूल पुन्हा तंबूत यायला तयार होत नाही. स्लीपिंग बॅगवर छापलेले तापमान वाचण्याची एक रीत आहे. प्रमाणित चाचणीतला ‘कम्फर्ट’ हा आकडा प्रमाण प्रौढ स्त्री निवांत झोपू शकेल त्या तापमानाचा असतो आणि ‘लिमिट’ हा प्रमाण प्रौढ पुरुष अंग आखडून कशीबशी झोप घेऊ शकेल त्याचा. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा केवळ जीव वाचण्याशी संबंधित आहे आणि खरेदी करताना तो विचारातही घेऊ नये. ही चाचणी मुलांच्या बॅगांसाठी नाही. लहान मुलाच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असल्यामुळे त्याची उष्णता लवकर निघून जाते, म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा पाच-सहा अंश खालच्या आकड्याची बॅग त्याला द्यावी. बॅग फार मोठी असेल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून बांधावा, नाहीतर ती सगळी हवा मुलालाच तापवावी लागते.

बॅगेइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे खालची मॅट, आणि बहुतेक घरांत नेमकी तिच्याकडेच दुर्लक्ष होते. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेतली हवा निघून जाते आणि त्या बाजूने ती जवळजवळ निरुपयोगी होते. जमिनीची थंडी अडवते ती मॅटच. मॅटची उष्णतारोधकता ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यात सांगतात आणि एकावर एक दोन मॅट टाकल्या तर त्यांच्या आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे महागडी मॅट नसेल तर फोमच्या दोन साध्या मॅट एकत्र वापराव्यात. तंबूची जागा निवडताना आधी वर पाहावे, वाळक्या फांद्या असतील तर तिथून हलावे. मग खाली पाहावे आणि कोरड्या ओढ्याचे पात्र टाळावे. रात्री थंड हवा खोलगट जागी साचते, म्हणून दरीच्या तळाऐवजी थोड्या उंचवट्यावर तंबू ठोकावा.

कपड्यांची यादी लहान ठेवावी. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट एवढे पुरते. सुती कपडा भिजला की पाणी धरून ठेवतो आणि अंग गार पाडतो. झोपण्याचे कपडे आणि एक मोज्यांचा जोड प्रत्येकाच्या नावाने वेगळ्या जलरोधक पिशवीत बांधावा आणि झोपायची वेळ होईपर्यंत ती पिशवी कोणत्याही कारणाने उघडू नये.

पाण्याचा हिशेब चालण्याच्या तासांवरून करावा: साधारण हवेत माणशी दर तासाला अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त, आणि मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक व धुण्याचे वेगळे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, म्हणून वाटेतल्या पाण्याच्या जागा नकाशावर आधीच खुणावून घ्याव्यात. पण ऋतुमानाप्रमाणे झरे आटतात, तेव्हा अलीकडची खात्री नसलेल्या जागेवर विसंबून राहू नये. नैसर्गिक स्रोताचे पाणी खळखळून उकळल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्यावे, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळते. मुलाच्या पाठीवरचे ओझे त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे. त्यात त्याचे पाणी, खाऊ, पावसाचा कोट आणि शिट्टी असावी. बाकीचे मोठ्यांनी उचलावे.

जेवण प्रत्येक वेळेनुसार वेगळ्या पुडक्यांत मोजून बांधावे आणि एका जेवणापुरते जास्तीचे घ्यावे. शेगडी निघण्यापूर्वी घरी पेटवून पाहावी. मुक्कामावर ती तंबूपासून दूर, सपाट जागी ठेवावी, भोवती मुलांना दिसेल अशी दोरीची किंवा दगडांची सीमा आखावी, आणि पाऊस कितीही असला तरी ती तंबूच्या आत पेटवू नये. आगीचा धोका तर आहेच, पण ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. शेगडीजवळ पाण्याने भरलेले भांडे नेहमी हाताशी असावे. भाजले तर त्या भागावर लगेच आणि वीस मिनिटे थंड पाणी सोडावे. बर्फ किंवा घरगुती लेप लावू नये.

प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, चिमटा, फोडांवरच्या पट्ट्या, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि प्रत्येकाची नेहमीची औषधे असावीत. मुलांच्या तापाच्या आणि ॲलर्जीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारून ती बाटलीवरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. मध्यरात्री हेडटॉर्चच्या उजेडात हिशेब करत बसण्याची वेळ येऊ देऊ नये. पायाला कुठे चुरचुरते आहे असे मूल म्हणाले, की त्याच क्षणी थांबून बूट काढावा. ‘पुढच्या वळणावर पाहू’ असे मी एकदा म्हणालो होतो आणि परतीची वाट मुलाला पाठीवर घेऊन उतरावी लागली होती.

हरवण्याची तालीम घरीच घ्यावी. वाट चुकल्याचे लक्षात येताच जागेवर थांबायचे, जवळच्या झाडापाशी बसून राहायचे आणि शिट्टी वाजवायची, एवढे तीन टप्पे मुलांना पाठ असावेत. डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकटसंकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे असते. अंधारात हेच विजेरीच्या उजेडाने करता येते. शिट्टी मुलाच्या सॅकच्या पट्ट्यालाच बांधावी. निघतानाच्या कपड्यांत प्रत्येक मुलाचे एक छायाचित्र फोनमध्ये काढून ठेवावे, म्हणजे शोध घेणाऱ्यांना कपड्यांचा रंग अचूक सांगता येतो. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा, रेंज नसलेल्या भागात फ्लाइट मोड लावावा कारण सिग्नल शोधत राहिल्याने बॅटरी लवकर संपते, आणि कागदी नकाशा व होकायंत्र तरीही बरोबर असावेच.

आता माझ्या छंदाची पिशवी. लहान मुलांबरोबर दूरदर्शक नेण्याचा मोह मी सोडला आहे, कारण एका वेळी एकच जण पाहणार आणि बाकीचे रांगेत कंटाळणार. ७×५० किंवा ८×४२ अशी द्विनेत्री पुरते. यातला पहिला आकडा किती पटीने मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहा पटींच्या पुढे हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. डोळ्यांना अंधाराची पुरेशी सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती घालवता येते, म्हणून सर्व हेडटॉर्चना लाल प्रकाशाची सोय असावी किंवा काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा. पाहण्याच्या तीन-चारच गोष्टी आधी निवडाव्यात. उत्तर गोलार्धात शरदातली रात्र असेल तर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, अवश्य दाखवावी: तिचा धूसर ठिपका सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाचा आहे, हे ऐकून माझी थोरली बराच वेळ गप्प बसली होती.

विमानाने जायचे असेल तर पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्यात, आणि शेगडीचे गॅस सिलिंडर मुळीच नेऊ नये. ते पोहोचल्यावर घ्यावे. शौचासाठी छोटे खोरे लागते: पाण्यापासून किमान साठ मीटर दूर, पंधरा ते वीस सेंटीमीटर खोल खड्डा करून नंतर तो बुजवावा, आणि कचऱ्याच्या पिशव्या भरून परत आणाव्यात.

परतल्यावर तंबू ओला गुंडाळून ठेवू नये, त्याच दिवशी पसरून वाळवावा, नाहीतर बुरशी धरते. स्लीपिंग बॅग दाबलेल्या पिशवीतून काढून मोकळी टांगावी. मग मुलांना शेजारी बसवून यादी पुन्हा वाचावी आणि दोन्ही रात्रींत न वापरलेल्या वस्तूंपुढे पेन्सिलीने खूण करावी. लागोपाठ तीन मुक्कामांत खूण झालेली वस्तू यादीतून काढावी. प्रथमोपचाराची पेटी, पावसाचे कोट आणि शिट्ट्या यांना हा नियम लावू नये.