पेरणीआधी मुळांच्या सोबत्यांची सोय करा

सोयाबीन, तूर, मूग, उडीद, भुईमूग यांपैकी काहीही पेरणार असाल, तर युरियाची गोणी फोडण्याआधी मुळांचा विचार करा. या पिकांच्या मुळांवर गाठी करून रायझोबियम जिवाणू राहतात. पीक त्यांना साखर पुरवते आणि ते हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाच्या उपयोगी रूपात आणून देतात. १८८८ साली जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी हे दाखवून दिले. निर्जंतुक वाळूत वाटाणा खुरटला, पण तिच्यात शेतमातीची निवळी घालताच मुळांवर गाठी धरल्या आणि पीक जोमात आले. ज्या रानात ते पीक पूर्वी घेतलेच नाही, तिथे जिवाणू संवर्धन, म्हणजे पाकिटात मिळणारे हे जिवंत जिवाणू, बियाण्याला लावणे मला म्हणूनच अत्यावश्यक वाटते.

पाकीट त्या पिकाचेच घ्या. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. मुदतीची तारीख बघा, पाकीट उन्हात ठेवू नका. १० ते १५ किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन लागते. गुळाचे पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात संवर्धन कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा. सोयाबीनची साल नाजूक असते, रगडू नका. बुरशीनाशक वा कीटकनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी वाफशावर, म्हणजे जमिनीत चिखल न होता पुरेशी ओल असताना, पेरा.

पेरताना नत्राची थोडी मात्रा चालते, कारण गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. त्याहून जास्त युरिया दिला की पीक जिवाणूंना घरात घेतच नाही. आयता नत्र मिळत असताना ते साखर कशाला खर्च करील?

महिनाभराने शेतात जा. चार-पाच ठिकाणची रोपे खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटलीत तर गाठी जमिनीतच तुटून राहतील. बादलीत मुळे अलगद धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसले, बोटाला रंग लागला, तर नत्राचे काम चालू आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच द्रव्याचा असतो. अशा शेतात पान हिरवेगार असताना वरखत म्हणून युरिया टाकणे मला पटत नाही. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, किंवा गाठीच नाहीत आणि पीक पिवळे पडतेय, तर मात्र हट्ट न धरता नत्र द्या.

एक गल्लत नेहमी होते. सूत्रकृमी म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, त्यांच्या गाठीही मुळांवरच दिसतात. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि बोटाने सहज सुटते. सूत्रकृमीत मूळच फुगते, ती गाठ वेगळी निघत नाही.

पाणी साचू देऊ नका. गाठींनाही हवा लागते. चिबडलेल्या रानात त्या काम थांबवतात. चर आताच मोकळे करा.

मुळांशी जोडीने राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचेही असेच आहे. तिचे धागे मुळांच्या पलीकडे पसरून स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त ओढून आणतात. स्फुरदाचा मारा झाला की ती मागे पडते, वारंवार नांगरट केली की धागे तुटतात. कोबी, फ्लॉवर, मोहरी यांच्याशी मात्र तिचे जमत नाही, त्या पिकांसाठी ती विकत घेऊ नका.