रुंद फॉन्ट ताणून होत नाही: या चुका टाळा

पाटीवर नाव बसवलं, दोन्ही बाजूंना जागा उरली, की कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजूचं हँडल धरायचं आणि अक्षरं ओढायची. कितीतरी पाट्या याच खोडीने बिघडतात. समजा अक्षराच्या उभ्या-आडव्या रेघा ३ इंच जाड आहेत. आडवं १६० टक्क्यांपर्यंत ताणलं की उभी रेघ ४.८ इंच होते, आडवी तीनच राहते. एका दुकानाच्या एलईडी पाटीत कारागिराने नेहमीप्रमाणे प्रत्येक रेघेत मॉड्यूलची (छोट्या दिव्यांच्या तुकड्यांची) एकच ओळ टाकली. रात्री आडव्या रेघा लख्ख आणि उभ्यांच्या कडा काळपट! मग उभ्यांत दुसरी ओळ टाकली, तर त्याच डोळ्यांवर यायला लागल्या. शेवटी अक्षरं नव्याने कापली. देवनागरीत तर दिवाही लावावा लागत नाही: काना खांबासारखा जाड आणि शिरोरेखा दोरीएवढी, हे दुपारीच दिसतं.

मुळातच रुंद काढलेला फॉन्ट घ्या. मिक्रोमा, ऑर्बिट्रॉन फुकट मिळतात. नाहीतर जागा मोकळी सोडा, ती कुणी पळवत नाही.

स्वतः फॉन्ट काढायला बसलेल्यांची चूक वेगळी. गोल कोपऱ्यांचा चौकोन काढायचा, आत दुसरा काढायचा आणि त्याला इंग्रजी ‘ओ’ म्हणायचं. दोन मिनिटांत होतं, आणि तसंच दिसतं. सरळ रेघ संपून कंस सुरू होतो तिथे डोळ्याला गाठ जाणवते. अशा रुंद, चौकोनी फॉन्टांच्या घराण्यातला नावाजलेला म्हणजे मायक्रोग्रामा. इटलीतल्या तुरिनच्या नेबिओलो फाउंड्रीसाठी (छपाईचे खिळे बनवणाऱ्या कंपनीसाठी) बुत्ती आणि नोव्हारेझे या डिझायनरांनी तो १९५२ मध्ये केला. त्याचे आकार जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखे आहेत, चौकोनी पण ताठ नाहीत. तसा ‘ओ’ हवा तर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारच नोड (रेषेवरचे बिंदू) ठेवा. नोडमधून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या हँडलची लांबी कोपऱ्यापर्यंतच्या अंतराच्या ५५ टक्के ठेवली की लंबवर्तुळ होतं. ७५ ते ८५ टक्के केली की कोपरे भरतात आणि बाजू किंचित फुगीर राहतात. उभी रेघ १०० युनिट जाड असेल तर आडवी ८८-९० ठेवा. रुंद अक्षरात आडवी रेघ लांब असते, त्यामुळे सारखी जाडी दिली की तीच जड दिसते. मग जाडी नीट वाटते का, ते अक्षर उलटं करून बघा.

‘एल’पुढे ‘ए’ आला की मध्ये खिंडार पडतं. कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, हाताने करा, ‘ऑटो’वर सोडू नका.

परिच्छेद अशा रुंद फॉन्टात लावू नका. मायक्रोग्रामात तर लहान लिपीच नव्हती. ती १९६२ च्या युरोस्टाइलमध्ये आली.

रुपयाचं चिन्ह युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत) २०१० साली आलं. त्याआधीच्या फॉन्टात त्याच्या जागी रिकामी चौकट उमटते किंवा भलत्याच फॉन्टातलं चिन्ह येऊन बसतं. दरपत्रक छपाईला देण्याआधी ते एकदा टाइप करून बघा. नसेल तर सरळ देवनागरी फॉन्टात ‘रु.’ लिहा.